भिकीला हिव वाजलं होतं

भिकी रुग्णालयात आली ती स्वतःच्या पायांनी चालत, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी. नयनाला पुढे हेच सगळ्यात जास्त छळत राहिलं. जीपच्या मागच्या सीटवर आडव्या टाकून आणलेल्या, लुगडं रक्ताने चिंब झालेल्या बायका तिने वीस वर्षांत पुष्कळ पाहिल्या होत्या. तशी एखादी गेली की माणूस स्वतःला सांगतो, आणायला उशीर झाला. भिकीला आणायला उशीर झाला नव्हता.

तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून एका ट्रस्टचं पन्नास खाटांचं रुग्णालय होतं. नयना पागधरे तिथल्या ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. माहेर वरोरचं, सासर सरावलीचं, नवरा रेल्वेत. कामाला चोख आणि बोलायला थोडी फटकळ, पण पाड्यांवरून आलेल्या बायका तिच्यावर विसंबायच्या, कारण ती त्यांना काय होणार ते आधी नीट सांगायची.

भिकी सायवनच्या पुढच्या डोंगरीपाड्यावरची होती. वय तेवीस. आधीची दोन मुलं सातव्या-आठव्या महिन्यातच गेली होती. या खेपेला आशाताईने तिला धरूनच सोनोग्राफीला नेलं, तेव्हा कळलं की वार खाली आहे, म्हणजे बाळाच्या वाटेतच आडवी बसलेली. घरी कळा सुरू झाल्या असत्या तर दोघंही गेली असती. म्हणून सोमवारची तारीख ठरवून तिला शुक्रवारीच दाखल करून घेतलं. बरोबर आई जमना आणि नवरा लाहू. लाहू घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला होता, तिथून सुट्टी घेऊन आला होता.

ते तीन दिवस भिकी वॉर्डच्या पायरीवर उन्हात बसायची. जानेवारी होता, दोन हजार सोळाचा. येता-जाता नयना दोन शब्द बोलायची. भिकीला पाठीतल्या सुईची भीती वाटत होती. रविवारी दुपारी नयनाने तिला थिएटरच्या दारापर्यंत नेलं आणि आतलं टेबल, वरचा दिवा, सगळं लांबून दाखवलं.

"एवढ्याश्या खाटंवर निजायचं?" भिकी म्हणाली. "मी पडन."

"पडणार कशी? मी धरून असते ना."

"तू असशीलच?"

"मीच असते. सोमवारी माझीच ड्यूटी."

भिकीने मान हलवली आणि तिचं मन ठरलं. लाहूने ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा उठवला, तो तिने हो म्हटल्यावर.

सोमवारी सकाळी नऊला तिला आत घेतलं. थिएटर नुकतंच धुतलेलं होतं, फरशी ओली होती. एसी अठरावर होता. तो नेहमीच अठरावर असायचा, कारण सर्जन डॉक्टर अनिकेत अंगाने जाड. रबरी एप्रन, त्यावर गाऊन, डोक्यावर दिव्याचा ताप, त्यांना घाम यायचा आणि घाम जखमेत पडून चालत नाही. भिकीच्या अंगावर मागून उघडा असलेला पातळ सुती गाऊन होता, बाकी काही नव्हतं. तिला टेबलावर वाकवून बसवलं, पाठीला थंडगार स्पिरिट लावलं.

"बाय, मना हिव वाजतंय," ती म्हणाली.

"आता झालंच. पाच मिनिटं," नयना म्हणाली. तिचे दोन्ही खांदे तिने धरून ठेवले होते.

भुलीचे डॉक्टर शांताराम राऊत डहाणू रोडहून यायचे. साठी ओलांडलेले, शांत माणूस. त्यांनी एका दमात सुई नेमकी बसवली. भिकीला आडवं केलं, पोट उघडं करून औषधाने रंगवलं. तिचे दात वाजायला लागले. टेबलाचा पत्रा तिच्याबरोबर खडखडत होता.

"हिव लय वाजतंय, बाय."

"पाठीतल्या इंजेक्शनने थरथर होतेच," राऊत म्हणाले आणि थरथरीचं औषध दिलं. नयनाने तिच्या छातीवर एक चादर टाकली. तेवढंच केलं.

कोपऱ्यात स्टीलच्या कपाटाशेजारी एक यंत्र उभं होतं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी दान दिलेलं. कागदी रजईत गरम हवा फुंकायची आणि ती रजई पेशंटच्या अंगावर घालायची, असं ते यंत्र. चार महिने चाललं, मग बंद पडलं. नयनाने ऑफिसात दोनदा चिठ्ठी दिली. दोनदा "बघतो" असं उत्तर आलं. नंतर उन्हाळा लागला, तिनेही विचारायचं सोडलं. आता त्या यंत्रावर हातमोज्यांचे खोके ठेवायची सवय सगळ्यांना झाली होती.

मुलगी झाली. लगेच रडली. दाराशी सुनिता, दुसरी सिस्टर, गरम टॉवेल घेऊन उभीच होती. बाळासाठी वेगळा गरम पाळणा होता, वर लाल तापणारी कांब, आत जाडसर दुपटं. बाळाला थंडी लागता कामा नये, हे तिथल्या झाडूवालीलाही पाठ होतं. सुनिताने बाळाला त्या उबेत ठेवलं. तिथून चार हातांवर तिची आई कुडकुडत होती.

"काय झाला?" भिकीने विचारलं.

"मुलगी. छान आहे."

भिकी हसली. ओठ निळसर झाले होते, तरी हसली.

त्यानंतर वार निघेना. गर्भपिशवीच्या आत खोलवर चिकटली होती. डॉक्टर अनिकेतांनी हाताने सोडवून पाहिली, मग म्हणाले, "पिशवी काढावी लागेल. सर, पूर्ण भूल द्या." रक्त धो धो वाहत होतं. राऊतांनी भिकीला झोपवलं. तिची थरथर एकदम थांबली, आणि नयनाला वाटलं, बरं झालं, सुटली बिचारी थंडीतून.

सलाईनच्या बाटल्या बाजूच्या खोलीतल्या मांडणीवर असायच्या. उत्तरेची भिंत, हिवाळा. बाटल्या हाताला गार लागत होत्या. नयना एकामागून एक लावत गेली. रक्ताच्या दोन पिशव्या बर्फाच्या डब्यातून आल्या होत्या, त्याही तशाच लावल्या. थांबायला वेळ नव्हता आणि त्या गरम करायला काही साधन नव्हतं. गर्भपिशवी निघाली. अनिकेतांनी एकेक टाका तपासला. तरी जिथे टाका नव्हता तिथूनही रक्त झिरपत होतं, सुई टोचलेल्या जागांमधूनसुद्धा. पाण्यासारखं पातळ रक्त, त्याची गुठळीच होत नव्हती.

राऊतांनी भिकीच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग काखेत हात घातला. "सिस्टर, थर्मामीटर द्या."

वॉर्डातला ताप बघायचा पाऱ्याचा थर्मामीटर होता. त्यांनी तो काखेत धरला, काढला, दिव्याखाली धरून पाहिला, झटकून पुन्हा लावला. पारा पहिल्या खुणेपर्यंतही चढला नाही.

"आपल्याकडे ताप मोजता येतो," ते हळूच म्हणाले, "थंडी मोजता येत नाही."

मग सगळे धावले. एसी बंद केला. सुनिताने स्वयंपाकघरातून गरम पाणी आणलं, त्यात बाटल्या बुडवल्या. वॉर्डातली ब्लँकेटं आणून भिकीच्या हातांवर, डोक्यावर गुंडाळली. अनिकेतांच्या कपाळावरचा घाम सुनिता पुसत होती. एक वाजून दहा मिनिटांनी भिकीचं हृदय थांबलं. राऊतांनी पंचवीस मिनिटं छाती दाबली. शेवटी अनिकेतांनीच त्यांचा हात धरला.

बाहेर डॉक्टरांनी लाहूला सांगितलं की रक्त थांबलं नाही. लाहू "बरं" म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "मंग ती कधी बाहेर येल?" तेव्हा जमनाने त्याला हाताला धरून खाली बसवलं. तिला पहिल्याच वाक्यात कळलं होतं.

संध्याकाळी राऊत निघताना नयना त्यांच्या गाडीपाशी गेली.

"सर, ती थंडीनं गेली का?"

राऊतांनी चावी हातातच ठेवली. "वार फार खोल होती. ऊब दिली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. पण थंड अंगात रक्त गोठत नाही, सिस्टर. भूल दिली की अंग स्वतःची ऊब राखू शकत नाही, ती आपण राखायची असते. मी चाळीस वर्षं भूल देतोय. मला हे तुमच्या आधी सुचायला हवं होतं." गाडीचं दार उघडत ते म्हणाले, "बाकी काही आपल्या हातात नव्हतं. हे एवढं होतं."

"ती तीनदा म्हणाली मला."

"दोनदा," राऊत म्हणाले. "मीही ऐकलं."

बाळ बारा दिवस रुग्णालयात राहून जमनाबरोबर घरी गेलं. आणखी आठवड्याने नयना एसटीने सायवनला उतरली आणि डोंगरीपाड्यापर्यंत चालत गेली. बाळाचं वजन करायला आले, असं तिने सांगितलं. वजन करायचं काम आशाताईचं होतं, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी तसं म्हटलं नाही.

झोपडीत आगटी पेटलेली होती. जमना बाळाला मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसली होती. लाहू दाराशी बसला. नयनाने वजन केलं, बाळाला परत दिलं आणि मग तिच्याने उठवेना.

"कायतरी सांगायला आलीस," जमना म्हणाली. "सांग."

नयनाने सगळं सांगितलं. एसी, बाटल्या, बंद पडलेलं यंत्र, आपण विचारायचं सोडलं तेसुद्धा. जमना ऐकत होती. मधेच तिने आगटीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"शेवटी काय बोलली?"

"मुलगी झाली म्हटल्यावर हसली."

"त्याच्या आधी?"

नयना खोटं बोलू शकली असती. येताना वाटेत तिने तसं ठरवलंही होतं. "म्हणाली, हिव वाजतंय."

लाहू उठला आणि बाहेर निघून गेला. झोपडीमागे त्याची पावलं थोडा वेळ इकडून तिकडे ऐकू येत राहिली, मग थांबली.

"आमच्यात बाळंतीण असली का आगटी इझू देत नाय," जमना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "खाटंखाली निखारे ठेवतो. रातदिस कोणतरी जागा राहतो. दवाखान्यात आगटी नसंल ता मना ठाऊक. पण मना वाटला, तुमच्याकडं त्याच्यापेक्षा चांगला कायतरी असंल." मग तिने विचारलं, "तुना पोरा हात?"

"एक मुलगा आहे."

"तुझ्या आयेनी तुला शेकला होता?"

"हो. वरोरला. चाळीस दिवस शेगडी होती खाटेखाली."

"मंग तुला ठाऊक होता," जमना म्हणाली.

नयना तिथे किती वेळ बसून राहिली हे तिला नंतर आठवलं नाही. निघताना जमनाने तिला पाणी दिलं, आणि तेही नयनाला सहन झालं नाही. परतीची गाडी येईपर्यंत ती सायवनच्या स्टॉपवर तोंडाला पदर लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात चिठ्ठी दिली नाही. यंत्रावरचे खोके उचलून खाली ठेवले, यंत्र चादरीत गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि डहाणू रोडला प्रविणच्या दुकानात नेलं. प्रविण मिक्सर, पंप, पंखे दुरुस्त करायचा. असलं यंत्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने मागचा पत्रा खोलला, आत टॉर्च मारला.

"बेन, काय नाय झालं याला. फ्यूज उडालाय अन् आतली एक वायर सुटलीये. बसा, अर्ध्या तासात देतो."

नयना स्टुलावर बसली. प्रविणने वायर जोडली, फ्यूज बदलला, बटण दाबलं. नळीतून गरम हवा यायला लागली. त्याने बघायला म्हणून नळी तिच्या हाताशी धरली, आणि नयना दुकानातच रडायला लागली. प्रविण घाबरून उभा राहिला. "शॉक लागला का?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

त्यानंतर थिएटरमध्ये नयनाने सगळ्यांना भंडावून सोडलं. पेशंटवर पांघरूण पडेपर्यंत एसी लागायचा नाही. ऑपरेशनच्या अर्धा तास आधीच पेशंटला त्या रजईत घालायचं. बाटल्यांसाठी तिने कोमट पाण्याचं भांडं कायमचं लावलं आणि त्यातलं पाणी मनगटावर घेऊन स्वतः बघायची. राऊतांनी कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर मुंबईहून आणला आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर लिहायला लागले. डॉक्टर अनिकेत सुरुवातीला कुरकुरले. "सिस्टर, मी शिजतोय इथे."

"शिजा," नयना म्हणाली.

ते खाली मान घालून कामाला लागले. त्यांनाही ती दुपार विसरता आलेली नव्हती. पुढे तेच एखाद्या दिवशी टेबलापाशी येऊन आधी विचारायचे, "किती आहे? छत्तीसच्या वर आहे ना?"

अडीच वर्षांत कितीतरी बायका त्या टेबलावर उबेत निजल्या आणि घरी गेल्या. नयना त्यांची नावं विसरली. पेशंट थरथरला नाही, की तिला कधी बरं वाटायचं, कधी काहीच वाटायचं नाही.

दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी १०८च्या गाडीतून एक गरोदर मुलगी उतरली. मूल आडवं होतं, कळा सुरू होत्या. मागून जमना उतरली. मुलगी तिची धाकटी, भिकीची बहीण, ठकी.

जमना थिएटरच्या दारात आडवी उभी राहिली. दुसऱ्या दवाखान्यात न्या, असं ती ड्रायव्हरला म्हणत होती, पण तेवढा वेळ नव्हता. नयनाला बघितल्यावर ती बोलायची थांबली.

"वाचव, असा नाय सांगत मी तुला," जमना म्हणाली. "ता कोणाच्या हातात नाय. पण हिच्या अंगाला हिव नाय लागला पायजे."

"नाही लागणार, मावशी."

नयनाने ठकीला बाहेरच्या खोलीतच रजईत घातलं, यंत्र सुरू केलं आणि जमनाला आत बोलावलं. नियमात ते बसत नव्हतं. "हात घालून बघा."

जमनाने रजईखाली हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग काढून घेतला आणि उघड्या दारातून यंत्र न् गरम पाण्यातल्या बाटल्या दिसतील अशी बाहेर जाऊन बसली.

ऑपरेशनला पाऊण तास लागला. ठकीला मुलगा झाला. मधेच ती म्हणाली, "बाय, मना उकडतंय," आणि राऊतांनी चष्म्यावरून नयनाकडे पाहिलं. नयना वळून बाटली बदलायला लागली, बाटली अर्धी भरलेली असूनसुद्धा. शेवटचा आकडा छत्तीस पूर्णांक सहा दशांश होता.

ठकीला वॉर्डात आणल्यावर जमना तिच्या तोंडाकडे गेली नाही, नातवाकडेही गेली नाही. ती पायथ्याशी गेली. ब्लँकेट वर करून तिने ठकीचे तळवे दोन्ही हातांत धरले. मग पोटऱ्या चाचपल्या. मग पुन्हा तळवे धरले.

"गरम हाय," ती म्हणाली.

"हो."

"बसून बघत होते मी. ता यंत्र, न गरम पाण्यात बाटल्या." तिने नयनाकडे मान वळवली. "एवढाच करायचा होता?"

भिकीची वार खोल होती, तिचं ऑपरेशन अवघड होतं, रक्त फार गेलं होतं. हे सगळं खरं होतं आणि नयनाच्या ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

"एवढं तरी करायचं होतं, मावशी. ते आम्ही केलं नाही."

जमना खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. अडीच वर्षांत ती अशी रडली नव्हती, असं ठकीने नंतर सांगितलं. भिकीला जाळलं तेव्हासुद्धा नाही. नयना तिच्या शेजारी फरशीवर बसली. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ते तिला कळेना, म्हणून तिने ठेवला नाही. थोड्या वेळाने सुनिता दारात आली. पुढचा पेशंट बाहेरच्या खोलीत आणला होता.

"रजईत घाल त्याला," नयना म्हणाली. "मी येते."

ती लगेच उठली नाही. जमनाचं रडणं ओसरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, आणि जमनाने तिला जा म्हटलं नाही.